साठ रुपयांचा कार्बन

"एक... दोन... तीन... ढकलाऽऽ!"

१९९५ सालच्या जून महिन्यात आमच्या गल्लीची सकाळ अशीच सुरू व्हायची. आम्ही कर्जतला, उल्हास नदीच्या पलीकडे दहिवलीत राहायचो. मी सहावीत होते. बाबा शाळेत शिक्षक. मुंबईच्या एका नातेवाइकाकडून त्यांनी अकरा वर्षांची जुनी गाडी घेतली होती. कागदोपत्री तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी', पण सगळे तिला फियाटच म्हणत. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. रंग कधीतरी पांढरा असावा.

ही गाडी आमच्याकडे चैनीसाठी आली नव्हती. आजी खालापूर तालुक्यातल्या एका आडगावात एकटी राहायची. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून तीन किलोमीटर पायी. आजीचे गुडघे सुजलेले. तिला डॉक्टरांकडे न्यायचं तर वाहन हवंच होतं, म्हणून बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून ही गाडी घेतली.

आणि आता तिचा सेल्फ गेला होता. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटार. किल्ली फिरवली की नुसतं 'टक' व्हायचं आणि पुढे सगळं शांत. मग गल्लीतली पोरं गोळा व्हायची. पहिले चार दिवस सगळ्यांना मजा वाटली. पाचव्या दिवशी पाऊस लागला. हाक मारल्यावर पोरं खिडकीतून बघायची आणि हळूच आत जायची.

बाबांनी गावातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, "सेल्फच बदलायला लागेल. अडीच हजार."

घरी आल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. घरात अडीच हजार नव्हते असं नाही. फडताळात वरच्या खणात एक डबा होता. त्यात पैसे होते. पण ते ताईचे होते. तिला पुण्याला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला होता आणि पुढच्या महिन्यात वसतिगृहाची अनामत भरायची होती.

आई भात लावत होती. कुकरची शिट्टी होत नव्हती, बाजूनंच वाफ जात होती. तिनं गॅस बंद केला, झाकण काढलं, आतली रबरी रिंग बोटानं दाबून बघितली आणि म्हणाली, "रिंग गेली. उद्या आणायला हवी." मग बाबांकडे वळून म्हणाली, "अहो, शिट्टी होत नाही म्हणून आपण कुकर टाकून देतो का? त्या सेल्फमधलं नक्की काय बिघडलंय, ते विचारलंत का तुम्ही?"

बाबांनी विचारलं नव्हतं.

कुणीतरी खोपोलीच्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. शिळफाट्याजवळ त्यांचं छोटं गॅरेज होतं. बोरघाट चढण्याआधी ट्रकवाले त्यांच्याकडे थांबायचे. रविवारी आम्ही गाडी ढकलून चालू केली आणि वाटेत एकदाही बंद न करता खोपोली गाठली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी हेडलाइट लावले. मला म्हणाले, "पोरी, समोर उभी राहा. गुरुजी किल्ली फिरवतील. दिवा मंद होतो का, ते नीट बघ."

किल्ली फिरली. टक! दिवा तसाच लख्ख.

"नाही झाला मंद," मी ओरडले.

"म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे." मग त्यांनी बॅटरीच्या वायरी हलवून बघितल्या. त्याही घट्ट होत्या. शेवटी एका लांब पान्याच्या टोकानं त्यांनी सेल्फवर दोनदा हलकेच ठोकलं. "हां, गुरुजी, आता फिरवा."

गाडी चालू झाली! मी टाळ्याच वाजवल्या.

"यात जादू नाही," मिस्त्री हसले. "आतला कार्बन झिजलाय. ठोकल्यावर हलला आणि घडीभर नीट टेकला. उद्या पुन्हा टेकणार नाही."

त्यांनी सेल्फ काढला, उघडला आणि मला जवळ बोलावलं. आत तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल होता. त्याला टेकून काळे चौकोनी तुकडे बसवले होते आणि प्रत्येक तुकड्याला मागून स्प्रिंग दाबत होती. बॅटरीची वीज या तुकड्यांतून फिरणाऱ्या तांब्यात जाते आणि मोटार फिरते. नवा तुकडा बोटाच्या पेरापेक्षा थोडा लहान असतो. आमचे तुकडे झिजून नखाएवढे राहिले होते. स्प्रिंग तिथवर पोहोचतच नव्हती.

"तुझ्या पेन्सिलीच्या शिशात जो माल असतो ना, तोच यात. वर थोडं तांबं," मिस्त्री म्हणाले. "ज्यानं ही मोटार बनवली, त्यानं हा तुकडा मुद्दाम मऊ ठेवलाय. दोन वस्तू एकमेकींवर घासणार, तर एक झिजणारच. मग झिजायचं ते स्वस्तातल्यानं. महागातलं तांबं वाचलं पाहिजे."

मला एकदम कुकरची रिंग आठवली. मग सायकलच्या ब्रेकचं रबर, स्टोव्हचा वॉशर, नळाचा वॉशर. म्हणजे या वस्तू बिघडत नाहीत, त्या आपलं काम करून संपतात! गाडीतही असे कितीतरी भाग असतात. पंख्याचा पट्टा, प्लग, फिल्टर, वायपरचं रबर, ब्रेकचे लायनर. ते वेळेवर बदलले तर मोठा भाग वर्षानुवर्षं टिकतो.

पण नेमके आमच्या सेल्फचे कार्बन त्या दिवशी खोपोलीत मिळाले नाहीत. मिस्त्रींनी झिजलेले तुकडे माझ्या हातात ठेवले आणि बाबांना म्हणाले, "कुर्ल्याला जा. गाडीचं मॉडेल आणि साल कागदावर लिहून न्या. जुना नमुना बरोबर ठेवा. तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि बिल घ्या. बिल द्यायला जो कां-कूं करील, त्याच्याकडनं काहीच घेऊ नका."

पुढच्या रविवारी बाबा आणि मी कर्जत लोकलनं निघालो. कर्जत म्हणजे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं जोडतात ते स्टेशन. तिथला गरम वडा खाल्ल्याशिवाय आमचा कुठलाही प्रवास सुरू होत नसे. पण त्या दिवशी बाबांनी डब्यात पोळी-भाजी घेतली होती. "आपण पैसे वाचवायला चाललोय," ते म्हणाले. मला जरा वाईटच वाटलं.

कुर्ल्याला सी. एस. टी. रोड नावाचा रस्ता आहे. हे नाव रेल्वे टर्मिनसवरून पडलेलं नाही. १९२८ ते १९३४ या काळात ट्रॉम्बेपासून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत एक छोटी रेल्वे धावत असे. तिला 'सेंट्रल सॅल्सेट ट्रामवे' म्हणत, त्याची ही आद्याक्षरं. आमची गाडी जिथे बनली, तो प्रीमियरचा कारखानाही कुर्ल्यातच होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. एका अर्थी आम्ही गाडीचा भाग आणायला तिच्या माहेरीच आलो होतो!

तो बाजार मी कधी विसरणार नाही. छतापासून जमिनीपर्यंत सुटे भाग. एका दुकानात नुसते दरवाजे, दुसऱ्यात नुसते आरसे, तिसऱ्यात दिव्यांच्या काचा. आपण ज्याला गाडी म्हणतो ती मुळात हजारो छोट्या वस्तूंची मिळून बनलेली असते आणि त्यातली प्रत्येक वस्तू वेगळी विकत मिळू शकते, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्या दुकानदारानं विचारलं, "सेल्फ कुठल्या कंपनीचा?"

बाबा गप्प. गाडीचं मॉडेल, साल, सगळं कागदावर होतं, पण सेल्फ बनवणारी कंपनी गाडीच्या कंपनीहून वेगळी असू शकते, हे आम्हांला कुठे माहीत होतं! मी फ्रॉकच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि काळे तुकडे काउंटरवर ठेवले. दुकानदारानं एक उचलला, त्याची रुंदी आणि वायर बघितली आणि मागच्या खणातून एक पुडी आणली. "हा घ्या. पंचाहत्तर."

दुसऱ्या दुकानात सत्तर. तिसऱ्यात साठ, बिलासकट. तिथेच मिस्त्रींनी सांगितलेला पितळी बुशही घेतला.

त्या रात्री मी शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर हिशेब लिहिला. कार्बन ६० रुपये. बुश २५. बाबांचं पूर्ण तिकीट आणि माझं अर्धं, जाऊन-येऊन ४५. मिस्त्रींची मजुरी १२०. एकूण २५०. गॅरेजवाल्यानं सांगितलेले २,५००. वाचले २,२५०. खाली दोन रेघा मारल्या. ताईचा डबा तसाच राहिला. जुलैत ती पुण्याला गेली.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

मला त्या वहीचं वेडच लागलं. वायपरचं नुसतं रबर आणलं, वाचले इतके. आरशाची नुसती काच बसवली, वाचले तितके. दर वेळी आकडा लिहिताना गुदगुल्या व्हायच्या. आपण फार हुशार आहोत असं वाटायचं. बाबांनाही वाटत असावं.

सप्टेंबरात मिस्त्री म्हणाले, "ब्रेकचे लायनर संपत आलेत. दिवाळीआधी बदला." लायनर म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून दाबला जाणारा, घासून वेग कमी करणारा थर. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. आम्ही पुन्हा कुर्ल्याला गेलो. चांगल्या कंपनीचा संच चारशे रुपयांना होता. दोन दुकानं सोडून एकानं तसाच डबा दाखवला. रंग तोच, चित्र तेच, नावात एक अक्षर वेगळं. किंमत एकशे ऐंशी. "माल तोच आहे, साहेब. बिल नाही मिळणार."

बाबा डबा हातात घेऊन उभे राहिले. त्यांना मिस्त्रींचं वाक्य आठवत असणार. मलाही आठवलं होतं. तरीही मीच म्हणाले, "बाबा, हाच घेऊ या. दोनशे वीस वाचतील!"

आम्ही तोच घेतला. नेमके तेव्हा मिस्त्री गावी गेले होते, म्हणून दुसऱ्याच एकाकडून तो बसवून घेतला.

दिवाळीच्या सुटीत ताईला आणायला आम्ही सगळे पुण्याला गेलो. परतताना संध्याकाळ झाली होती. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता, तो पूर्ण व्हायला २००२ साल उजाडलं. सगळी वाहतूक जुन्या रस्त्यानं. खंडाळा मागे पडलं आणि बोरघाटाचा उतार सुरू झाला. ताई आणि मी मागे बसून भेंड्या खेळत होतो. मध्येच कसलातरी जळका वास आला. आई म्हणाली, "पुढच्या ट्रकचा असेल."

वळण आलं. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी तशीच पुढे. त्यांनी पुन्हा दाबला, सगळा जोर लावून. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. ते ओरडले नाहीत. त्यांनी दांडा खटकन खालच्या गिअरमध्ये टाकला. इंजिन किंचाळलं, आम्ही सगळे पुढे फेकलो गेलो. मग आणखी खालचा गिअर, मग हँडब्रेक. गाडी डोंगराच्या बाजूला गटाराला घासत गेली आणि थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती.

आम्ही बाहेर आलो. चाकांमधून धूर येत होता. मागचा एक ट्रक थांबला. क्लीनरनं उडी मारून आधी चाकांखाली दगड लावले. मी पाण्याचा कॅन घेऊन चाकाकडे धावले, तसा ड्रायव्हर ओरडला, "पानी मत डालो! गरम ड्रम तडकेल." मग तो बाबांना समजावत म्हणाला, "साहेब, ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. सगळा भार ब्रेकवर टाकायचा नाही. ब्रेक तापला की पकड सोडतो."

तासभर आम्ही तिथेच बसलो. कुणी काही बोललं नाही. मग पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं खाली उतरलो. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागलं. इंग्रजांना घाटाची वाट या धनगरानं दाखवली असं सांगतात. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. आईनं तिथे नाणं टाकलं आणि किती तरी वेळ हात जोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ड्रम उघडला. महिन्याभरापूर्वी बसवलेला लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि कडेनं भुगा पडत होता. त्यांनी तो भुगा बोटांत चुरडला.

"गुरुजी, सेल्फ बिघडला तर गाडी चालत नाही. ब्रेक बिघडला तर गाडी थांबत नाही. या दोन्हींना एकच तराजू लावलात?"

बाबांनी मान खाली घातली. शाळेत मुलं ज्यांना घाबरतात त्या माझ्या बाबांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. "मिस्त्रीकाका, मीच म्हटलं होतं हा घेऊ या म्हणून."

"नाही," बाबा म्हणाले. "तू म्हणालीस, पण पैसे मी दिले. मोठा मी आहे. आणि बिल नाही म्हटल्यावर निघून यायचं, हे मला सांगितलेलं होतं. शिवाय घाटात मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून होतो, तीही चूक माझीच."

त्या रात्री बाबांनी माझी वही मागितली. पहिल्या पानाला त्यांनी हात लावला नाही. शेवटचं पान उघडून ते म्हणाले, "लिही." मी लिहिलं: ब्रेक. स्टिअरिंग. टायर. इथे भाग सुटा आणायला हरकत नाही, पण तो नवा, अस्सल आणि बिलाचा. जुना नको, नकली नको. खाली आकडा लिहायची जागा होती. "तिथे काय लिहू?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "काही नको. या पानावर हिशेब मांडायचा नसतो."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. मुंबईत तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

पण आईनं विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. उलट पुढे तो सरकारदरबारीही पोहोचला. सुटे भाग खुल्या बाजारात सहज मिळू देत नाहीत, म्हणून २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण गाडी आपल्या पसंतीच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेता यावी, हा ग्राहकाचा हक्क आहे, ही गोष्ट त्यामुळे देशभर चर्चेत आली. २०२२ साली केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं, सगळ्यांचा विचार त्यात होता. म्हणजे कुकरच्या रिंगेपासून निघालेली गोष्ट बरीच लांबवर गेली की!

माझा मुलगा आता सहावीत आहे. गेल्या महिन्यात तो सायकल हातात धरून चालत घरी आला. "आई, ब्रेक लागत नाही. नवी सायकल घेऊ या ना!"

मी काही बोलले नाही. कपाटातून जुनी वही काढून त्याच्या हातात दिली. पहिल्या पानावर चिकटपट्टीनं लावलेला काळा तुकडा अजून आहे. त्यानं वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग खाली जाऊन ब्रेकची घासलेली रबरं काढली, रुमालात बांधली आणि दुकानात जाऊन तशीच नवी घेऊन आला. चांगल्या कंपनीची, बिलासकट. आल्यावर पेन घेऊन बसला आणि बराच वेळ विचार करत राहिला.

"आई, हे पहिल्या पानावर लिहायचं की शेवटच्या?"

"तुला काय वाटतं?"

त्यानं दोन्ही पानांवर लिहिलं.